शंभर मीटर

बर्लिनच्या उत्तरेला, ट्राम जिथे वळसा घेते
त्या छोट्या बागेत, एका मंगळवारी,
रोस्विथा क्रुम्बहोल्त्सने
जुनी पोलादी फीत बाहेर काढली.

बत्तीस वर्षं जमिनी मोजल्या तिने,
दोन राजवटींच्या,
आणि दोन्हीकडे मीटर तेवढाच निघाला
याचं तिला अजून नवल वाटतं.

कायदा म्हणतो:
मुलांच्या खेळण्यापासून शंभर मीटरच्या आत
गांजा ओढायचा नाही.
पुढे ओढा, आमची ना नाही.

वाळूच्या हौदाच्या काठावर
फितीच्या टोकाशी तिने
शेजारच्या ईडाला उभं केलं. वय वर्षं चार.
पाय हलवायचा नाही.
ईडाने पाय हलवला नाही.
नाक मात्र वर केलं आणि विचारलं,
"कुणाचे मोजे जळतायत?"

फीत सरकत गेली
घसरगुंडीखालून, लिंडनच्या मुळांवरून,
बुद्धिबळाच्या दगडी टेबलाला वळसा घालून.
तिथे हेर वोत्श्के बसायचे.
म्हणायचे, इथे बसलं की
घोडा कुठे ठेवला तेच विसरतो हल्ली,
आणि मी तर काही ओढतसुद्धा नाही.
आता ते घरीच खेळतात.
स्वतःशी. हरतात.

बाक आला शहाण्णववर.

बाकावर तिघं: ओक्ताय, युडिथ,
आणि लांब पायांचा एक, ज्याचं नाव कुणी घेतलं नाही.
"चार कमी पडतायत," रोस्विथा म्हणाली.
ती भांडायला आली नव्हती,
हिशेब सांगायला आली होती.
लांब पायांचा हसला आणि हसतच राहिला,
हसण्यासारखं जे काय होतं ते संपून गेल्यावरही.

ओक्तायने फितीचा डबा हातात घेतला, जपून,
एखाद्याचं बाळ घ्यावं तसा.
चार मीटर पुढे गेला.
तिथे सायकलींचा रस्ता निघाला.
"इथे उभा राहून ओढू?" त्याने विचारलं.
घंटा वाजवत दोन बायका त्याच्या अंगावरून गेल्या.
"घरी आई झोपलेली असते दिवसा.
हॉस्पिटलात रात्रपाळी आहे तिची.
जिन्यात ओढलं की खालचे दार आपटतात.
तुम्हीच सांगा, मोजून सांगा, कुठे."

हे फितीवर नव्हतं.

तिने खडूने रेघ मारली, सरळ,
बत्तीस वर्षांच्या सवयीने सरळ.
मग बोट ओलं करून हवेत धरलं.
वारा पश्चिमेचा.
त्याच्यासमोर रेघ कसली नि कायदा कसला,
तो बाकावरून उठला आणि
थेट हौदात जाऊन बसला
ईडाच्या बादलीशेजारी.

रात्री स्वयंपाकघरात
ती भिंतीकडे बघत बसली.
डेटलेफ दिवसाला चाळीस ओढायचा,
याच खुर्चीत. हिवाळ्यात खिडकी बंद.
त्याच दिव्याखाली मुलगी पाढे म्हणायची,
मध्येच खोकून, परत पहिल्यापासून.
डेटलेफ गेल्यावर कपाट हलवलं
तेव्हा मागे पांढरा चौकोन निघाला,
बाकी सगळी भिंत चहासारखी.
खुर्चीपासून मुलीच्या वहीपर्यंत
तेव्हा कुणी फीत लावली नव्हती.
तिनेही नाही.
आणि तरी, खरं सांगायचं तर,
ती भिंत तिने अजून रंगवलेली नाही.

बुधवारी सकाळी लवकर ती बागेत गेली.
रेघ होती. रेघेला चिकटून
ईडाने वाकडेतिकडे चौकोन काढले होते, लंगडीसाठी,
आणि एका चौकोनात एक मासा,
का ते तिलाच माहीत.
बाक रिकामा होता.
लाकडात वास मुरलेला.
रोस्विथा बसली, डबा मांडीवर घेऊन.

इथून हौद
कागदावर आहे त्याहून
खूपच जवळ दिसतो.
तिकडे कुणी बारकं खोकलं
तर ऐकू येईल.